चौदावा थर

आमच्या ऑफिसात भूकंप म्हणजे एक आडवा बाण.
भिंतीच्या पोटावर रोखलेला, पेन्सिलीने काढलेला,
शेजारी त्याचा गुणक: शून्य दशांश दोन.
परवा पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी
त्या बाणाला आवाज होता.
कपाटातल्या बश्या, गल्लीतली कुत्री,
आणि जमिनीखालून कुणी रिकामं पिंप
गडगडत नेतंय तसं काहीतरी.
दोन मिनिटं. थांबेचना.

उजाडल्यावर टोमेच्या वरच्या वस्तीत गेले.
वळणावरची दगड-सिमेंटची भिंत,
जी सत्तर वर्षांत तसूभर हलली नव्हती,
एका पिकअपवर आडवी पडली होती.
शाळेखालची आमची भिंत उभी.
नऊ मीटर माती, पंधरा थर,
थराथरात काळी प्लॅस्टिकची जाळी
सव्वासहा मीटर आत गेलेली.
ना गाठ, ना डिंक.
वरच्या मातीचं वजन आणि खडीची खरखर,
एवढ्यावर सगळं धरून.
माती दाब सोसते, ओढ सोसत नाही.
ओढ जाळीने सोसायची, असा करार.

यास्नाने वरून ओळंबा सोडला.
अकरा सेंटिमीटर पुढे कललेली.
पंधराची मुभा होती.
आम्ही तिला पडू नको म्हणालो होतो,
हलू नको असं कधीच म्हणालो नव्हतो.

फक्त वरच्या अंगाला एके जागी
तिला पोट सुटलं होतं.
शिडी लावून हात ठेवला. कोरडं.
निचऱ्याची नळी खाली थेंब थेंब गळत होती,
म्हणजे पाण्याचा दोष नाही.
मी नकाशा उलटसुलट करून पाहिला.

तेवढ्यात ओनोफ्रे आला. अंगात झोपायचेच कपडे,
एका पायात बूट, एका पायात चप्पल.
"कितवा थर?"
मी मोजत होते. तोच म्हणाला,
"चौदावा."

नऊ वर्षांपूर्वी तो इथे धुम्मस चालवायचा.
शुक्रवार होता. जाळीचा रोल संपला,
ट्रक येणार सोमवारी.
मुकादम म्हणाला, आहे तेवढी अंथर.
"दोन मीटर कमी भरली, बाई. माती मीच लोटली वर.
मग पंधरावा थर गुडघ्यांवर बसून ताणला,
मापापेक्षा वीतभर जास्तच घातला."
जरा थांबून: "माझी नात वरच्या वर्गात बसते."
तेव्हापासून दर धक्क्याला
तो बॅटरी घेऊन इथे येऊन उभा राहायचा.
काय करणार होता, ते त्यालाही सांगता येईना.

मातीत एक तिरकी रेघ असते, दिसत नाही.
तिच्या अलीकडचं सगळं निसटू बघतं.
जमीन हादरली की ती आणखी आडवी होते,
आणखी मागे जाते.
जाळीने तिच्या पलीकडे पोचायचं असतं,
न हलणाऱ्या मातीत शिरून बसायचं असतं.
चौदावा थर अलीकडेच संपला होता.
त्याचा भार परवा पहाटे
तेराव्याने आणि पंधराव्याने वाटून घेतला असणार.
उरलेला भार म्हणजे हे पोट.

"आता खिळे मारू," मी म्हणाले. "लोखंडी, आठ-आठ मीटर.
तोवर शाळा बंद."
रिपोर्टात 'कारण' असा एक रकाना असतो.
यास्ना पेन उघडून थांबली होती,
माझ्याकडे न बघता.
"लिहा," ओनोफ्रे म्हणाला. "नाव पण लिहा.
सालामांका. आणि मुकादमाचं नको,
तो गेला गेल्या वर्षी."

लिहीत असतानाच पायाखाली पुन्हा एक ढुशी.
लहानच. आम्हांला पळायला हवं होतं,
आम्ही तिघं भिंतीकडेच बघत राहिलो.
सुतळी झुलली, गोल फिरली, हळूहळू थकली.
यास्ना पट्टीवर वाकली.
"अकराच."

ओनोफ्रेने मान खाली घातली,
आणि तेव्हा कुठे त्याला दिसलं
की दुसऱ्या पायात चप्पल आहे.